कृमि आणि कर्करोग

गेल्या फेब्रुवारी महिन्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्तानें आमच्या शाळेंत नेहमींप्रमाणें वर्गावर्गांतून गोळ्या वांटण्याचें काम चाललें होतें. इयत्ता सहावींतील एक मुलगा मात्र गोळी हातांत धरून तसाच उभा राहिला. 'चावून खा' असें दोनदां सांगूनहि तो ती तोंडाकडे नेईना. मधल्या सुट्टींत त्यास एकीकडे घेऊन कारण विचारतां त्यानें रडवेल्या स्वरानें जें सांगितलें तें ऐकून आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. त्याचे आजोबा दिवाळीपूर्वीं यकृताच्या कर्करोगानें वारले होते. शेजारच्या कोणा जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थानें समाचारास येऊन सांगितलें होतें कीं, "पोटांतले जंत मरून कुजतात आणि त्यांचाच कॅन्सर होतो." तेव्हांपासून त्या मुलाच्या मनानें घेतलें होतें कीं, आपण गोळी खाल्ली आणि जंत आंतल्या आंत मेले, तर आपलेंहि आजोबांसारखेंच व्हावयाचें.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई भेटावयास आली. "सर, हें खरें आहे का हो? खरें असेल तर मला सांगा, आणि खोटें असेल तर त्याला तुम्हीच समजावा. माझें तो ऐकत नाहीं," असें ती म्हणाली.

'खोटें आहे' असें एका शब्दांत सांगून मोकळें होणें सोपें होतें. आणि त्या मुलापुरतें तें चुकीचेंहि ठरलें नसतें. परंतु जगांत असे तीन कृमि आहेत कीं, ज्यांच्यामुळें मनुष्यास कर्करोग होऊं शकतो हें शास्त्रानें मान्य केलेलें आहे. तेव्हां 'होय' म्हणावें तर मुलाची भीति वाढते आणि 'नाहीं' म्हणावें तर असत्य पदरीं येतें. अशा वेळीं अर्धें उत्तर देण्यापेक्षां पूर्ण उत्तर देणेंच बरें, असें वाटून आम्हीं त्या मातेस जें सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारानें सर्व विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहीत आहों.

पोथीची नक्कल

प्रथम कर्करोग म्हणजे काय हें पाहूं. आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. त्यांतील पुष्कळशा पेशी झिजतात, मरतात व त्यांच्या जागीं नव्या येतात. एका पेशीच्या दोन होतात तेव्हां जुन्या पेशीजवळ असलेल्या साऱ्या सूचनांची नक्कल नव्या पेशीस द्यावी लागते. पूर्वीं छापखाने नव्हते तेव्हां लेखनिक जशी पोथीवरून पोथी उतरून काढीत, तसेंच हें काम आहे. लेखनिक कितीहि सावध असला तरी एखादा काना-मात्रा चुकावयाचाच. शरीरांत अशा चुका दुरुस्त करणारी व्यवस्थाहि असते. परंतु कधीं कधीं एखादी चूक तिच्या नजरेंतून सुटते. 'आतां वाढ पुरे' ही सूचनाच जर पोथींतून गळाली, आणि तिच्याबरोबर आणखी कांहीं सूचना बिघडल्या, तर ती पेशी व तिची प्रजा कोणाचें न ऐकतां वाढत सुटते. हाच कर्करोग होय.

आतां असें समजा कीं, त्या लेखनिकास कोणी एकसारखें डिवचीत आहे, त्याच्या शाईंत माती टाकीत आहे, आणि एका दिवसांत दहा पोथ्या उतरून मागत आहे. त्याच्या चुका वाढतील कीं नाहीं? जी गोष्ट शरीराच्या एकाच जागीं वर्षानुवर्षें जखम करीत राहते, ती ह्या त्रासदायक मनुष्यासारखी असते. जखम झाली कीं ती भरून काढण्यासाठीं पेशींस घाईनें वाढावें लागतें. आणि जखमेच्या ठिकाणीं जो दाह होतो, त्यांतून पोथीचीं अक्षरें खराब करणारीं द्रव्यें बाहेर पडतात. एकदां झालेली जखम भरून येते व प्रकरण मिटतें. न भरणारी जखम मात्र धोक्याची. कृमि आणि कर्करोग यांचा संबंध ह्या न भरणाऱ्या जखमेंत आहे, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व हकीकत सहज उलगडेल.

नोबेल पारितोषिक मिळालेली चूक

ह्या विषयांत सर्वांत गाजलेला शोध हा चुकलेला शोध होता, ही मोठी बोधप्रद गोष्ट आहे. डेन्मार्कमध्यें योहानेस फिबिगर नांवाचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होऊन गेले. १९०७ सालीं क्षयरोगाच्या अभ्यासासाठीं उंदीर फाडून पाहत असतां त्यांतील तीन उंदरांच्या जठरांत त्यांस गांठी आढळल्या, आणि त्या गांठींत बारीक कृमि दिसले. असे उंदीर आणखी मिळावे म्हणून त्यांनीं हजाराहून अधिक उंदीर तपासले. पण तसें कांहीं सांपडेना. अखेर कोपनहेगनमधील साखर शुद्ध करण्याच्या एका कारखान्यांत, जेथें झुरळांचा सुळसुळाट होता, तेथील उंदरांत ते कृमि मिळाले. कृमीचें बाळपण झुरळाच्या शरीरांत आणि पुढील आयुष्य उंदराच्या जठरांत जातें हें त्यांनीं दाखविलें. मग निरोगी उंदरांस तीं झुरळें चारून त्यांच्या जठरांत गांठी उत्पन्न केल्या, आणि १९१३ सालीं त्यांनीं आपला शोध जगापुढें मांडला. त्याबद्दल त्यांस १९२६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तें १९२७ च्या डिसेंबरांत स्वीकारल्यावर दोन महिने लोटण्यापूर्वींच ते वारले.

पुढें इतरांनीं तोच प्रयोग केला तेव्हां शंका येऊं लागल्या. फिबिगर यांच्या उंदरांचें अन्न मुख्यत्वें पांढरा पाव आणि पाणी हें होतें. त्यांत 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतें. १९५२ सालीं अमेरिकेंतील हिचकॉक व बेल ह्या दोघांनीं उंदरांस पुरेसें 'अ' जीवनसत्त्व देऊन प्रयोग करून पाहिला, तेव्हां कृमि असूनहि कर्करोग झाला नाहीं. ज्या गांठींस फिबिगर कर्करोग समजले होते, त्या बहुतांशीं जीवनसत्त्वाच्या अभावानें व कृमींच्या चाळवण्यानें झालेल्या साध्या वाढी होत्या, असें ठरलें.

फिबिगर हे लबाड नव्हते. ते अतिशय कष्टाळू व प्रामाणिक संशोधक होते. परंतु दोन गोष्टी एका ठिकाणीं सांपडल्या म्हणजे एक दुसरीचें कारण झालीच असें नव्हे, हा धडा त्यांच्या हकीकतींतून मिळतो. आमच्या विद्यार्थ्याच्या शेजाऱ्यांनीं तरी दुसरें काय केलें होतें? त्यांनीं जंत पाहिले होते, कर्करोगहि पाहिला होता, आणि मध्यें एक दोरी बांधून टाकली होती.

नाईलच्या कांठीं

ज्या काळीं कोपनहेगनमध्यें उंदरांवर हे प्रयोग चालले होते, त्याच काळीं ईजिप्त देशांत रोग्यांच्या खाटेजवळ खरा संबंध उलगडत होता. मात्र त्याचा तितका गाजावाजा झाला नाहीं.

ईजिप्तमध्यें लघवीवाटे रक्त जाण्याचा विकार फार जुना. १८५१ सालीं कैरो येथें काम करणाऱ्या थिओडोर बिल्हार्झ ह्या तरुण जर्मन डॉक्टरांस एका मृत देहाच्या शिरांमध्यें एक कृमि आढळला, व त्यांच्याच नांवावरून ह्या रोगास 'बिल्हार्झिया' हें नांव पडलें. १९१० सालीं मार्क आर्मंड रफर यांनीं सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या ईजिप्शियन ममींच्या मूत्रपिंडांत ह्याच कृमीचीं अंडीं सूक्ष्मदर्शकांतून दाखविलीं. म्हणजे फेअरोंच्या काळींहि हा पाहुणा तेथें राहत होताच. आणि १९११ सालीं कैरोमधील डॉ. फर्ग्युसन यांनीं मूत्राशयाच्या कर्करोगाच्या चाळीस रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून, हा कर्करोग व बिल्हार्झिया यांचें नातें पुढें मांडलें.

ह्या कृमीचा प्रवास मोठा विलक्षण आहे. रोगी मनुष्य कालव्याच्या कांठीं लघवी करतो. तींतून अंडीं पाण्यांत जातात. अंड्यांतून बाहेर पडलेला सूक्ष्म जीव एका विशिष्ट जातीच्या गोगलगायींत शिरतो. तेथें एकाचे हजारों होतात व पुन्हां पाण्यांत येतात. अशा पाण्यांत कोणी पोहूं लागला, कपडे धुऊं लागला किंवा भातलावणीसाठीं उभा राहिला कीं, कांहीं मिनिटांतच ते त्याच्या अखंड कातडींतून आंत शिरतात. जखम असावी लागत नाहीं, पाणी प्यावेंहि लागत नाहीं. गोगलगायीचें हें कार्य ईजिप्तमध्यें रॉबर्ट लीपर यांनीं १९१५ सालीं सिद्ध केलें. शरीरांत शिरलेले कृमि वाढून नर-मादीच्या जोडीनें मूत्राशयाभोंवतींच्या शिरांत कित्येक वर्षें राहतात, आणि मादी रोज अंडीं घालीत असते.

खरा घात ह्या अंड्यांनीं होतो. प्रत्येक अंड्यास एका टोंकाला कांटा असतो. कांहीं अंडीं मूत्राशयाची भिंत भेदून लघवीबरोबर बाहेर जातात. पण पुष्कळशीं भिंतींतच अडकून बसतात. मग शरीर त्यांच्याभोंवतीं लढाई सुरू करतें. तेथें दाह होतो, व्रण पडतात, भिंत जाड व खडबडीत होते. लघवी नीट न झाल्यामुळें इतर जंतूंसहि तेथें घर मिळतें, आणि ते कर्करोगास पोषक अशीं द्रव्यें तयार करतात. पोथी उतरणाऱ्या लेखनिकाची येथें पुरी त्रेधा उडते. हें दहा-दहा, वीस-वीस वर्षें चाललें म्हणजे कांहीं रोग्यांत कर्करोग मूळ धरतो. ज्या देशांत बिल्हार्झिया नाहीं, तेथें मूत्राशयाचा कर्करोग बहुधा म्हातारपणीं होतो. ईजिप्तमध्यें मात्र चाळिशींतले शेतकरी त्यास बळी पडत. लहानपणीं कालव्यांत पोहलेला मुलगा, स्वतःचीं मुलें शाळेंत जाऊं लागण्याच्या वयांत अंथरुणास खिळे. एके काळीं त्या देशांतील पुरुषांत हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळत असे.

ह्यावर उपाय झाले, परंतु पहिल्या उपायाची कहाणी दुःखाची आहे. १९५० नंतरच्या दशकांत ईजिप्तमध्यें अँटिमनीच्या एका क्षाराचीं इंजेक्शनें गांवोगांव देण्यात आलीं. हेतु उत्तम होता. पण सुया व पिचकाऱ्या पुरेशा निर्जंतुक न करतां पुन्हां पुन्हां वापरल्या गेल्या, आणि एका रोग्याच्या रक्तांतील कावीळ दुसऱ्याच्या रक्तांत गेली. ही 'क' जातीची कावीळ होती. तिचा विषाणु ओळखला गेला तो १९८९ सालीं. ही कावीळ यकृतांत दडून राहते आणि पुढें यकृताच्या कर्करोगास कारण होते. एका कर्करोगाची वाट बंद करावयास गेलेल्या हातांनीं नकळत दुसऱ्याची वाट उघडली! पुढें प्राझिक्वांटेल नांवाची तोंडानें घ्यावयाची गोळी आली. १९८० नंतर तिचा प्रसार झाला, आणि बिल्हार्झिया ओसरूं लागला. त्याबरोबर मूत्राशयाच्या त्या विशिष्ट कर्करोगाचें प्रमाणहि घटत गेलें. कृमि हटला तसा रोग हटला, हा कार्यकारणसंबंधाचा फार मोठा पुरावा होय. फिबिगर यांच्या शोधाजवळ हाच नव्हता.

लिंबू, मिरची आणि कच्चा मासा

आतां मूत्राशयाकडून यकृताकडे वळूं. थायलंड देशाच्या ईशान्य भागांत इसान नांवाचा प्रांत आहे. तेथील खेड्यांत 'कोई प्ला' नांवाचा पदार्थ फार आवडीनें खातात. तळ्यांतले किंवा भातखाचरांतले लहान मासे कच्चेच बारीक चिरून त्यांत लिंबाचा रस, मिरची व सुगंधी पाला मिसळला म्हणजे कोई प्ला तयार. शेतांतले काम संपल्यावर चार शेजारी एका पानाभोंवतीं बसून तो खातात. त्यांत गरिबीची सोय आहे आणि स्नेहहि आहे. लिंबानें व मिरचीनें मासा 'शिजतो', असा त्यांचा समज असतो.

परंतु त्या माशांच्या मांसांत पानाच्या आकाराच्या एका चपट्या कृमीचीं पिल्लें कवचांत झोंपलेलीं असतात, आणि त्यांस लिंबू-मिरचीची पर्वा नसते. मासा पोटांत गेला कीं तीं कवच सोडून आंतड्यांतून पित्तनलिकेंत चढतात व यकृतांतील बारीक नळ्यांत बिऱ्हाड करतात. तेथें ते कृमि दहा-दहा वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ जगतात. त्यांचीं अंडीं शौचावाटे बाहेर पडून पाण्यांत जातात, पाण्यांतून गोगलगायींत, गोगलगायींतून माशांत, आणि माशांतून पुन्हां मनुष्यांत, असा हा रहाटगाडगा फिरत राहतो. मांजरें व कुत्रींहि त्यांत सामील असतात.

कृमि आपल्या चोषकानें नळीच्या अस्तरास टोंचीत असतो. शिवाय तो एक असें द्रव्य सोडतो कीं, जें जवळच्या पेशींस वाढीची चिथावणी देतें. त्याच्या दृष्टीनें हें सोयीचें आहे. पण यजमानाच्या पेशी सतत वाढत्या ठेवणें म्हणजे लेखनिकास रात्रंदिवस नक्कल करावयास बसविणें होय. तरीहि कृमि एकटाच हें करतो असें नाहीं. १९७८ सालीं थायलंडमधील संशोधकांनीं हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग केला. कांहींस केवळ कृमि दिले, कांहींस नायट्रोसअमाइन जातीचें एक रसायन अल्प प्रमाणांत दिलें, आणि कांहींस दोन्हीं दिलीं. पित्तनलिकेचा कर्करोग झाला तो दोन्हीं मिळालेल्या प्राण्यांस. अशा जातीचीं रसायनें खारविलेल्या व आंबविलेल्या माशांत असूं शकतात, आणि दाहामुळें शरीरांतहि तयार होतात. कृमि जमीन नांगरून ठेवतो, आणि बीं दुसरें कोणी टाकतें, असें म्हटलें तरी चालेल.

ह्या प्रांतांतील खोन केन जिल्ह्यांत पित्तनलिकेच्या कर्करोगाचें प्रमाण सबंध जगांत अत्यंत अधिक आढळलें आहे. हा रोग फार उशिरां कळतो, आणि कळतो तेव्हां बहुधा इलाज राहत नाहीं. खोन केनमधील एका शल्यवैद्याचे आई व वडील दोघेहि ह्याच रोगानें गेले, आणि त्यानें आपलें आयुष्य ह्याच रोगाच्या निवारणास वाहिलें. तेथेंहि प्राझिक्वांटेल आहे. पण गोळी मिळते म्हणून निर्धास्त होऊन लोक पुन्हां कच्चा मासा खातात, आणि पुन्हां कृमि शिरतात. तेव्हां २००७ च्या सुमारास लावा सरोवराच्या कांठच्या खेड्यांत निराळा प्रयत्न सुरू झाला. लोकांस औषध दिलें, मांजरें-कुत्रीं तपासलीं, आणि मुख्य म्हणजे शाळेंतील मुलांस हें सारें चक्र शिकविलें. मुलांनीं तें घरीं नेलें. जेथें कांहीं खेड्यांत निम्म्याहून अधिक लोकांत कृमि होते, तेथें तें प्रमाण दहा टक्क्यांच्या खालीं आलें. बाप मुलास नेहमींच शिकवितो; येथें मुलानें बापास ताटावरून शिकविलें.

ह्याच कृमीचा एक भाऊबंद चीन, कोरिया व व्हिएतनाम ह्या देशांत आहे. त्याचा शोध मात्र आपल्या देशांत लागला. १८७४ सालीं कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत प्राध्यापक मॅककॉनेल यांनीं एका चिनी सुताराच्या शवाची तपासणी केली असतां त्याच्या पित्तनलिकांत हे कृमि भरलेले दिसले.

फ्रान्समधील लियों येथें कर्करोगाच्या संशोधनाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ती सर्व पुरावा तपासून कोणत्या वस्तूमुळें मनुष्यास निश्चित कर्करोग होतो तें ठरविते. तिनें १९९४ सालीं ईजिप्तमधील बिल्हार्झियाचा कृमि व थायलंडचा यकृत-कृमि, आणि २००९ सालीं चिनी यकृत-कृमि, असे तीन कृमि पहिल्या वर्गांत घातले. फर्ग्युसन यांच्या चाळीस रोग्यांस ही मान्यता मिळण्यास त्र्यांशीं वर्षें लागलीं.

आपल्याकडे काय?

पालकांनीं आतां हा प्रश्न विचारावा हें साहजिक आहे. आपल्या मुलांच्या पोटांत जे जंत होतात, म्हणजे गोल जंत, अंकुशकृमि व चाबूककृमि, ते वरील तिघांपैकीं नव्हेत. त्यांच्यामुळें कर्करोग होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. औषधानें मेलेले जंत शौचावाटे पडून जातात किंवा आंतड्यांत पचून जातात. ते कुजून त्यांची गांठ होत नाहीं. मात्र म्हणून त्यांस पाळावें असें नव्हे. ते मुलाचें अन्न चोरतात, अंकुशकृमि तर रक्त शोषतो. त्यामुळें मूल फिकें पडतें, वाढ खुंटते व वर्गांत लक्ष लागत नाहीं. ह्यासाठींच वर्षांतून ती अल्बेंडाझोलची गोळी देतात. आपल्या येथें यकृताच्या कर्करोगाचीं कारणें बहुधा निराळीं असतात: 'ब' व 'क' जातीची कावीळ, मद्यपान, आणि बुरशी आलेल्या दाण्यांतील विष. त्या मुलाच्या आजोबांस जंतांनीं नेलें असें मानण्यास कांहींच आधार नाहीं.

तरीहि आपण सर्वस्वी निर्धास्त राहावें असेंहि नाहीं. १९५२ सालीं डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी ह्या लहानशा गांवीं मूत्रमार्गाच्या बिल्हार्झियाचें एक केंद्र शोधून काढलें, व पुढें तेथील गोगलगायहि हुडकली. आपल्या कोंकणांतल्या एका गांवीं असा रोग सांपडावा ह्याचें त्या वेळीं सर्वांस नवल वाटलें. तें केंद्र लहानच होतें. परंतु मनुष्य, पाणी व गोगलगाय ह्यांचें चक्र कोठें जुळेल हें सांगतां येत नाहीं, एवढें गिमवीनें शिकविलें.

चक्रांतील एक कडी तोडली कीं सारें चक्र थांबतें, आणि ती कडी तोडणें बहुधा आपल्या हातीं असतें. शौचकूप वापरावा, ओढ्यांत, तळ्यांत किंवा विहिरीच्या कांठीं लघवी-शौच करूं नये. शौचानंतर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. पायांत वाहणा घालाव्या. गोड्या पाण्यांतला मासा पुरता शिजवूनच खावा. लिंबू, मीठ वा मिरची हा अग्नि नव्हे. इंजेक्शन घेतांना नवी सुई उघडली आहे कीं नाहीं हें पाहण्यास लाजूं नये. 'ब' कावीळीची लस मुलांस अवश्य द्यावी. लघवींतून रक्त दिसल्यास किंवा डोळे पिवळे झाल्यास घरगुती उपायांत दिवस न घालवितां डॉक्टरांकडे जावें. आणि लहान मुलांसमोर रोगाविषयीं बोलतांना, आपणांस ठाऊक नाहीं तें ठाऊक असल्यासारखें सांगूं नये. त्यांच्या मनास झालेली जखमहि पुष्कळ दिवस भरत नाहीं.

आतां त्या मुलाचें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. राहिलेल्या मुलांसाठीं आठवड्यानंतर पुन्हां गोळ्या आल्या, तेव्हां तो आपण होऊन पुढें आला व चावून चावून गोळी खाऊन गेला. मागाहून आम्ही व्हरांड्यांतून जात असतां पांचवींतल्या एका मुलाशीं त्याचें बोलणें कानांवर आलें. तो लहान मुलगा गोळी मुठींत झांकून उभा होता, आणि हा त्यास मोठ्या गंभीरपणें सांगत होता, "अरे, घाबरतोस काय? मेलेला जंत कुजत नाहीं, बाहेर पडतो. मी सरांना विचारलेंय."